वास येतोय का हो?

९ एप्रिल २०२१, शुक्रवार

प्रार्थना फोनवर म्हणाली, "पप्पा, खोलीत बसून मम्मीला हाका मारण्यापेक्षा रोज काहीतरी लिहीत जा." मुलगी पुण्यात नर्स आहे. त्यामुळे सध्या आमच्या घरात तिचा शब्द डॉक्टरच्याही वर चालतो. म्हणून ही वही.

मी कृपादान भिंगारदिवे, वय छप्पन्न, सावेडी, दुसरा मजला. काल रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. ताप आहे, ऑक्सिजन चांगला आहे, आणि आतल्या खोलीत माझी रवानगी झाली आहे. फिलोमिना दाराबाहेरच्या स्टुलावर ताट ठेवते, दार वाजवते आणि चोरासारखी पळते. तिला हा आजार गेल्या सप्टेंबरात होऊन गेला. तेव्हा मी स्वतः तिला खिचडी करून घालत होतो. मला ती जरा करपट लागायची, पण फिलोमिना मुकाट्याने खायची आणि विचारलं की म्हणायची, "छान झालीय." माझ्या हाताला चव आहे हे मला तेव्हा कळलं.

खरं म्हणजे आमच्या घरात चवीचं काम माझ्या नाकाकडे आहे. नागापूरच्या एमआयडीसीत मसाल्याच्या कारखान्यात मी कच्चा माल पास करतो. पोत्यात हात घालायचा, मूठभर धने नाकाशी न्यायचे, एकच श्वास. कुबट माल लगेच सापडतो. तपासायला मशीनही आहे, पण आमचे मॅनेजर सूर्यभानसाहेब मशीनच्या आधी माझ्या तोंडाकडे बघतात.

घरीही तेच. ताट समोर यायच्या आत मी चूक सांगतो. लग्नापासून सांगत आलोय. गेल्या सहा-सात महिन्यांत तर फारच सांगावं लागलं, कारण फिलोमिनाचा हात बिघडला आहे. कधी हिंगाचा भडिमार, कधी लसूण जळालेला. स्वयंपाक करताना मोबाईलवर गजर लावते, तरी ही तऱ्हा. पूर्वी मी काही बोललो की ती भांडायची. आता भांडत नाही, एवढीच काय ती सुधारणा.

उलट माझ्या नाकाची किंमत तिला आता पटलेली दिसते. "अहो, हे दूध हुंगून बघता का?" "अहो, कालचा भात ठीक आहे ना?" दिवसातून चार वेळा तरी विचारते. उशिरा का होईना, पटलं.

१० एप्रिल, शनिवार

सकाळी कपाळाला बाम लावला. बामला वासच नाही. कंपन्या हल्ली लोकांना सरळसरळ फसवतात.

दुपारी बाहेर आरडाओरडा झाला. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये बनुबाई राहतात. मूळच्या जामखेडकडच्या, इथे मुलाकडे असतात, आणि पक्क्या शाकाहारी. त्या दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "आगं फिलोमिना, काय भाजतीस? सुकट हाय का? आख्ख्या जिन्याला वास सुटलाय की!"

मी स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून बसलो होतो. मला काही कळलं नव्हतं.

मग साबण हुंगला. निलगिरीचं तेल हुंगलं. शेवटी कोणी बघत नाही म्हणून स्वतःचा मोजाही हुंगला. काही नाही. पाण्यात बुडी मारून बसल्यासारखं वाटतंय.

हे कोणाला सांगायचं नाही. सूर्यभानसाहेबांच्या कानावर गेलं तर कारखान्यात माझं उरलं काय? आणि घरात तरी काय उरलं?

१२ एप्रिल, सोमवार

आज जेवताना दाराआडून आमचं बोलणं झालं.

"वांगी कशी झालीत?"

"झकास."

"काय म्हणालात?"

"झकास म्हणालो. बऱ्याच दिवसांनी जमलीत."

"हिंग जास्त नाही ना झाला?"

"मुळीच नाही."

"अहो, ताप किती आहे ते बघा बरं जरा."

लग्न झाल्यापासून मी तिचं इतकं तोंडभर कौतुक कधी केलं नव्हतं, आणि बाई थर्मामीटर लावायला सांगते. मीठ, तिखट, गोड एवढं जिभेवर कळतं. बाकी सगळा कापूस. कापसात चूक काय काढणार?

संध्याकाळी चहा दिल्यावर तिने विचारलं, "वेलदोडा जास्त झाला का हो?"

मी म्हणालो, "नाही, अगदी बेताचा आहे."

स्वयंपाकघरात जाऊन ती ठसका लागेपर्यंत हसली. एकटीच. कशाला हसली कोण जाणे. मग हसू थांबलं आणि बराच वेळ भांड्याचा आवाजसुद्धा आला नाही. दमली असेल.

१५ एप्रिल, गुरुवार

ताप उतरला. नाक तसंच.

बनुबाई रोज सकाळी आमच्या दारात येतात आणि आमचं दूध हुंगतात. मी दाराच्या फटीतून स्वतः पाहिलं. फिलोमिना पातेलं पुढे करते, त्या मास्क खाली ओढतात, वाकतात, "चांगलं हाय," म्हणतात आणि जातात. काल कोथिंबिरीची जुडी हुंगली. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारी माणसं पाहिली होती, पण इतकं शब्दशः खुपसणारी पहिल्यांदाच पाहतोय.

"रोज कशाला येतात गं त्या?" मी विचारलं.

"म्हातारं माणूस आहे. करमत नाही त्यांना."

१९ एप्रिल, सोमवार

खालच्या मजल्यावरचे कानिफनाथ सर गेले. परवा रुग्णवाहिकेत स्वतःच्या पायांनी चढले होते. जाताना वर बघून मला हात केला होता. खिडकीत उभा राहून मी त्यांच्या बंद दाराकडे बघत होतो. दाराबाहेर त्यांच्या चपला तशाच आहेत.

रात्री जेवणानंतर फिलोमिना दाराशी आली आणि म्हणाली, "एक विचारू? तुमचा वास गेलाय का?"

"चोंदलंय जरा."

"चोंदलंय की गेलाय?"

"चोंदलंय म्हटलं ना."

तिने स्टुलावरचं ताट उचललं. मग म्हणाली, "नाक गेलं तरी चालेल. तुम्ही आहात, तेवढं पुष्कळ आहे."

सर गेल्यामुळे हळवी झाली आहे.

२४ एप्रिल, शनिवार

आज खोलीतून सुटका. प्रार्थनाने फोनवरून परवानगी दिली, मग मी बाहेर आलो.

फिलोमिना समोर उभी होती. बारीक झाली आहे. तिने पहिला प्रश्न विचारला, "नाक?"

सोमवारी कामावर जायचंय. मनात म्हटलं, इथे घरातच डगमगलो तर तिथे सूर्यभानसाहेबांपुढे काय उभा राहणार? मी एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणालो, "आलं परत. पहिल्यासारखं."

"खरंच?"

"अगदी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खुर्चीत बसली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "देवा, सुटले बाई." मग उठून समोर गेली आणि बनुबाईंना काहीतरी सांगून आली. उद्यापासून त्या दूध हुंगायला येणार नाहीत असं दिसतं.

माझ्या नाकाचा तिला एवढा अभिमान आहे हे मला माहीत नव्हतं. मन भरून आलं. थोडं अपराध्यासारखंही वाटलं, पण दोन-चार दिवसांत नाक खरंच येईल. मग खोटं बोललो असंही होणार नाही.

२८ एप्रिल, बुधवार

कामाचे तीन दिवस झाले. सूर्यभानसाहेबांनी हार आणला होता. लांबूनच टेबलावर ठेवला.

मी पोत्यात हात घालतो, मूठ नाकाशी नेतो, डोळे मिटतो. पूर्वी मिटत नव्हतो. आता मिटतो, कारण उघडे ठेवले तर समोरचा त्यात बघतो. कुबट माल पास होण्यापेक्षा चांगला माल परत गेलेला बरा असा विचार करून तीन गाड्या परत पाठवल्या. एका व्यापाऱ्याने हात जोडले. "दादा, कालच्या काढणीचा माल हाय, कुबट कसा आसंल?" मी म्हणालो, "नाक सांगतंय." साहेब त्याला म्हणाले, "आजारातून उठल्यावर याचं नाक आणखी तिखट झालंय."

घरी आल्यावर फिलोमिनाने दुधाचं पातेलं पुढे केलं. मी हुंगलं आणि म्हणालो, "उत्तम." चहात ते फाटलं.

"उन्हाळा आहे," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

४ मे, मंगळवार

जमेल तेवढं लिहितो.

आज मला सुट्टी होती. दुपारी बाहेर गरम वारा सुटला म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. फिलोमिनाने दूध तापत ठेवलं आणि गजर लावला. तेवढ्यात तिच्याच मोबाईलवर प्रार्थनाचा फोन आला. आम्ही दोघं हॉलमध्ये बसून लेकीशी बोलत राहिलो. वॉर्डातल्या गोष्टी सांगत होती. मध्येच रडली. तिला समजावण्यात गजर वाजला की नाही कोणाच्याच लक्षात आलं नाही.

फोन ठेवून फिलोमिना आत गेली. मीही मागे गेलो. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. तिने बटण बंद केलं, पातेलं खाली घेतलं, ओटा पुसला. मग चहाचं आधण ठेवलं आणि लायटर हातात घेतला. घेतला आणि थांबली.

"अहो," ती म्हणाली, "गॅसचा वास येतोय का हो?"

मी हवा ओढून घेतली. छाती भरून घेतली. आणि म्हणालो, "छे. काही नाही."

"नक्की?"

"अगं, माझं नाक आहे हे. लाव तू."

तिने लायटर शेगडीकडे नेला आणि त्याच क्षणी दारावर दणादण थापा पडल्या. बाहेर बनुबाईंचा आवाज. "फिलोमिना! काडी वढू नको! गॅस सुटलाय, गॅस! खिडक्या उघड आदी!"

बनुबाई चार दिवस जामखेडला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. उद्या यायच्या होत्या. तिकडे प्यायला पाणी नाही म्हणून पुतण्याच्या भाजीच्या टेम्पोत बसून आजच आल्या. जिना चढताना पहिल्या मजल्यावरच त्यांना वास आला.

फिलोमिनाच्या हातातून लायटर खाली पडला. मी खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला. आम्ही तिघं जिन्यात जाऊन बसलो. बनुबाईंच्या पिशवीतली वांगी पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली. ती उचलायला कोणी उठलं नाही.

बनुबाईंना धाप लागली होती. धाप कमी झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "तिला वास येत न्हाई म्हनून तर मी रोज येत हुते. तुमी म्हनला नाक आलंय, म्हनून मी गावाला गेले. तुमचं नाक कुटं गेलं हुतं मेल्या?"

आजवर मला कोणी 'मेल्या' म्हटलं नव्हतं. बरोबरच होतं.

मी फिलोमिनाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती.

"तुला वास येत नाही?" मी विचारलं.

"सप्टेंबरपासून," ती म्हणाली. "आणि तुम्हाला?"

"एप्रिलपासून."

बनुबाईंनी कपाळावर हात मारला. "आन् दोगं बी एकमेकांना हुंगाय लावत हुता व्हय!"

५ मे, बुधवार

काल रात्री जेवलो नाही. झोपही नाही. सकाळी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. बरी झाल्यावर पहिलीच आमटी केली, तर तुम्ही ताट सारून म्हणालात, तुझा हात बिघडला. म्हटलं, असू दे. हात बिघडला म्हणाल तर रोज बोलाल. नाक गेलं म्हटलं असतं तर कीव केली असती. रोजच्या ताटाबरोबर ती कीव कोण वाढून घेणार? त्यापेक्षा बोलणी बरी."

"आणि स्वयंपाक कसा करत होतीस?"

"तुमच्या तोंडाकडे बघून," ती म्हणाली. "पहिल्या घासाला कपाळावर आठी पडली तर हिंग जास्त. नाक मुरडलं तर लसूण करपला. काहीच न बोलता दुसरी भाकरी घेतलीत तर जमलं. दुसऱ्या दिवशी त्याप्रमाणे कमीजास्त करायचे. आजारी पडलात आणि सगळ्यालाच झकास म्हणायला लागलात, तेव्हा माझा तोही आधार गेला."

"म्हणजे वेलदोड्याच्या दिवशीच..."

"घातलाच नव्हता वेलदोडा."

"म्हणून हसलीस?"

"आधी हसू आलं," ती म्हणाली. "मग रडू."

मला लायटर दिसत होता सारखा. तिने विश्वासाने विचारलं होतं आणि मी छाती फुगवून, "लाव तू," म्हणालो होतो. कसंबसं म्हटलं, "मला माफ कर, फिलो."

"करते," ती म्हणाली. "पण एका अटीवर. जेवताना आता 'झकास' म्हणायचं नाही. आवडलं नाही तर पहिल्यासारखं तोंड वाकडं करायचं."

"पण मला तर काही कळतच नाही."

"मग दोघं मिळून मीठ चाखू या."

११ मे, मंगळवार

सूर्यभानसाहेबांना खरं सांगून टाकलं. त्यांनी हातातलं रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "आणि त्या तीन गाड्या?"

"त्या साहेब... रंगावरून."

"बरं झालं, सगळ्या पास नाही केल्यास," ते म्हणाले. आता मला वजनकाट्यावर बसवलंय. गाडी आली, काट्यावर चढली, आकडा बघितला, संपलं. उन्हात पत्र्याखाली बसतो. धन्याची धूळ दिवसभर अंगावर उडते आणि मला तिचा पत्ता नसतो. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तो हात जोडणारा व्यापारी माल घेऊन आला. मी उठून उभा राहिलो आणि त्याला चहा पाजला. का पाजला ते त्याला सांगितलं, तर तो इतका हसला की चहा सांडला.

प्रार्थनाने डॉक्टरांना विचारून एक उपाय सांगितला आहे. सकाळ-संध्याकाळ चार वास घ्यायचे. लिंबू, लवंग, गुलाब आणि निलगिरी. डोळे मिटून, तो वास कसा होता ते आठवत. आता रोज सकाळी ओट्यावर चार वाट्या मांडलेल्या असतात आणि आम्ही नवराबायको शाळेतल्या पोरांसारखे शेजारी शेजारी बसून हुंगतो. परीक्षक बनुबाई.

"काय हाय ह्ये?"

"लिंबू," मी म्हणालो.

"लवंग हाय. नापास."

फिलोमिना सगळ्याला "काहीच नाही," म्हणते. निदान खरं तरी बोलते, म्हणून तिला बनुबाईंनी वरच्या वर्गात घातलंय.

२ जून, बुधवार

आज सकाळी फिलोमिनाने कांदा चिरला आणि सुरी टाकून बाहेर आली. "रबर जळतंय कुठेतरी." मी घाबरून सगळ्या खोल्या फिरलो, सिलिंडर बंद केला, बनुबाईंना बोलावलं. रबर नव्हतं. तो कांद्याचाच वास तिला तसा येत होता. कॉफीलाही तोच. तिचं तोंड उतरलं.

बनुबाई म्हणाल्या, "रडतीस कशाला? आदी घान येती, मंग वास येतू. वाट मोकळी व्हतीय." प्रार्थनानेही फोनवर तेच सांगितलं, जरा कठीण शब्दांत.

मला अजून रबरही नाही. तिला निदान घाण तरी येते, मला तेवढीसुद्धा येत नाही. हे बोलून दाखवलं तर ती हसली, म्हणाली, "वाट बघा. तुमचा नंबर माझ्यामागे आहे."

१९ जून, शनिवार

आज काट्यावर फार गर्दी होती. संध्याकाळी घरी आलो, चपला काढल्या, पाणी मागितलं. फिलोमिना तांब्या घेऊन आली आणि दोन हातांवर थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"थांबा. हलू नका." ती जवळ आली. आणखी जवळ आली. "हात वर करा."

"कशाला?"

"वर करा म्हणते ना."

मी हात वर केला. तिने माझ्या खांद्याखाली नाक आणलं, मागे झाली, पुन्हा आणलं. मग तिचे डोळे मोठे झाले.

"अहो, किती घाण वास मारतोय तुमच्या अंगाला!"

"खरंच?"

"घामाचा. आणि धन्याच्या धुळीचा."

"रबराचा नाही ना?"

"रबराचा नाही हो! तुमचा!" ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. मी आपला हात वर करूनच उभा. पुन्हा सांग म्हटलं, तिने पुन्हा सांगितलं. मग खात्री करायला बनुबाईंना हाक मारली. त्या त्यांच्या दारातूनच म्हणाल्या, "येतूय की! हितपत्तुर येतूय! आंगुळ करा आता."

मला स्वतःला काही येत नव्हतं. पण माझ्या घामाने कोणाला इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. आंघोळ अर्धा तास पुढे ढकलली.

आता जेवणं झाली आहेत. फिलोमिनाने सगळे कपडे धुवायला भिजत घातले, माझा तो शर्ट तेवढा राहून गेला. स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर अडकवलाय. मी आठवण करून दिली तर म्हणाली, "असू द्या, उद्या बघू." जाता-येता तिथे उगीच थांबते आणि काहीतरी विसरल्यासारखी उभी राहते. हल्ली तिच्या फार लक्षात राहत नाही. उद्या मीच टाकीन धुवायला.